धावणाऱ्या मुलीचं पाणी

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली नांदेड-लातूरकडे आता गावोगाव दिसतात. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यासाठी त्या पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. माझं कामच या वयाच्या मुलींशी, म्हणून काय खाऊन धावता असं मी विचारत असते. उत्तर बहुधा एकच, 'काही नाही.' नाहीतर 'चहा.'

रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं, पहाटे उपाशी पळायचं, आल्यावर झाडलोट, पाणी भरणं, मग भाकरी. मुलगा भरतीला उतरला की घरात अंडी येतात, दूध वाढतं. मुलगी उतरली की फार तर बूट येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षय म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. अशा मुलीला धाप लागली की 'जिद्द नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पाण्याचं तर विचारूच नका. मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण मैदानावर संडास नाही. पाळीत तर सरावच बुडतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा टंचाई सगळ्या गावाची होती. पाणी असताना तहान मारणं मात्र बाईच्याच वाट्याला. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं; ते भरून निघालं नाही की छाती धडधडते, उन्हात चक्कर येते. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडलं असं समजावं.

पावडरचे महाग डबे लागत नाहीत. (ते विकणारे आमच्याकडेही पोचलेत!) धावण्याआधी तासभर एक केळं किंवा गुळाबरोबर अर्धी भाकरी, नंतर शेंगदाणे, फुटाणे, उसळ. तासाभराच्या सरावात साधं पाणी घोटघोट पुरतं. उन्हात त्याहून जास्त वेळ गेला तर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

२०१४ साली मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात तरुण दगावले, तेव्हा उन्हाची आणि पाण्याची चर्चा झाली. गावच्या सरावाच्या जागेची कधी होणार? मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत या मुलींना पुढे बसवा आणि दोन मागण्या ठरावात लिहून घ्या: मैदानाजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ, आणि आतून कडी लागणारा संडास.