पट्टा उघडलाच आहे, तर सीलही बदला

शिलाई मशीन, विहिरीवरची मोटार आणि घरातील विजेची जोडणी यांवर या सदरात लिहून झाले. या खेपेला गाडीची पाळी. वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, कुठेही जा, आपल्या वस्तीत एखाद्या दारी जुनी मारुती ओमनी उभी दिसतेच. कुणी तीत मंडपाचे सामान नेतो, कुणी बाजारचा भाजीपाला. अशोक विजयादशमीला तीच गाडी घरच्या मंडळींना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. २०१९ साली ओमनीचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज रस्त्यावर जी आहे ती वयाने चांगलीच मोठी आहे. आणि इंजिनात लोखंड म्हातारे व्हायच्या कितीतरी आधी रबर म्हातारे होते.

रबराच्या अशा दोनच वस्तूंविषयी आज बोलायचे आहे. एक टायमिंग बेल्ट, ज्याला आपले मिस्त्री पट्टा म्हणतात, आणि दुसरे ऑइल सील.

ओमनीत, तसेच मारुती ८०० मध्ये, ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असते. खाली क्रँक फिरतो, वर कॅम फिरतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला हवा, दाताला दात लागून. हे काम पट्टा करतो. पूर्वी बहुतेक गाड्यांत यासाठी साखळी किंवा चाकेच असत. मोठ्या संख्येने निघालेल्या गाडीत असा दातेरी रबरी पट्टा पहिल्यांदा आला तो जर्मनीच्या ग्लास १००४ या गाडीत, १९६२ साली. पट्टा स्वस्त आणि आवाज न करणारा. पण साखळी तेलात न्हाऊन चालते, आणि हा पट्टा कोरडाच चालला पाहिजे. तेल लागले की रबर फुगते, मऊ पडते, दाते सुटू लागतात.

आता क्रँक आणि कॅम या दोन्ही दांड्यांचे टोक इंजिनाच्या बाहेर डोकावते, तेव्हाच त्यावर पट्ट्याचे चाक बसवता येते. आत तेल, बाहेर पट्टा, आणि मध्ये राखणदार म्हणून ऑइल सील. लोखंडी कड्यावर रबर, आतल्या बाजूला एक बारीक ओठ, आणि तो ओठ दांडीला चिकटून राहावा म्हणून पाठीमागे केसासारखी स्प्रिंग. वर्षानुवर्षे इंजिनाची उष्णता खाऊन हा ओठ कडक होतो, मग थेंब थेंब तेल बाहेर पडते. वर झाकण असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. जमिनीवर डाग पडतो तोपर्यंत पट्टा ओला झालेला असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की पट्टा बदलायला काढलात तर कॅमचे आणि क्रँकचे पुढचे सील त्याच दिवशी बदला. मिस्त्री म्हणतो, “सील चांगलं दिसते, राहू द्या, पुढच्या वेळी पाहू.” पण त्या सीलपर्यंत पोहोचायला फॅन बेल्ट, पुली, झाकण, पट्टा, सगळे पुन्हा उघडावे लागणार. मजुरी दुसऱ्यांदा, कामाचा दिवस दुसऱ्यांदा बुडणार, आणि मधल्या काळात तेल गळलेच तर नवा पट्टाही गेला. सीलची किंमत त्यापुढे किरकोळ आहे. गाडीवर पोट असलेल्या घराने हा हिशेब आधी करावा. बुटीबोरीच्या पुढे नागपूरच्या वाटेवर भर गर्दीत पट्टा तुटला तर टोचनगाडीचे भाडे वेगळेच. आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह व पिस्टन एकाच जागेत ये-जा करतात, तिथे पट्टा तुटताच व्हॉल्व्ह वाकतात.

हे काम घरी करावे काय? ज्याचा हात पान्यावर बसलेला आहे त्याने जरूर करावे, असे आम्ही म्हणतो. आपल्या घरांतून आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली मुले आहेत, क्वचित मुलीही आहेत. त्यांना घरची गाडी उघडू द्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे दलितांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना काम शिकायला घ्यावे अशीही मागणी होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे जास्त पगाराचे खाते आपल्या लोकांना बंद होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. यंत्र जाणणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात, आणि म्हणूनच ते दार अडवले जाते, हे त्यांना ठाऊक होते. ज्याला हात चालवता येत नाही त्याने गॅरेजात उभे राहून तरी पाहावे, आणि काढलेले जुने सील हातात मागून घ्यावे. संकोच करू नये.

कामाला सकाळी लवकर बसा, इंजिन पूर्ण थंड असताना. ओमनीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने कपडे आणि कंबर दोन्हींची तयारी ठेवा. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, ठोकळे लावा. बॅटरीची ऋण तार आधी सोडा. प्लग काढून ठेवले म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. कापसाच्या दिवसांत आपल्याकडे हवेत धूळ आणि तंतू उडतात, म्हणून उघड्या भागावर स्वच्छ कापड हवे.

मधला मोठा बोल्ट घट्ट असतो. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने लांब दांड्याने तो सोडायचा. काही जण पाना अडकवून स्टार्टर मारतात. तसे करू नका, हात मोडतो. पट्टा काढण्याआधी चाकांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवून घ्या आणि वर आपलीही खूण करा. त्यासाठी मुलांच्या दप्तरातले व्हाइटनर उत्तम. क्रँकच्या चाकामागची लहान चावी हरवू नये म्हणून वाटीत ठेवा.

पट्टा निघाला की पुसण्याची घाई नको, आधी बघा. तेल नेमके कुठून आले? वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असेल तर तेल ओघळून कॅमच्या सीलपाशी येते आणि दोष सीलवर जातो. अशा वेळी पॅकिंगही बदलावे लागेल. इंजिनाची ब्रीदर नळी काजळीने तुंबलेली असेल तर आतला दाब सीलला बाहेर ढकलतो. ती नळी साफ केल्याशिवाय नवे सीलही टिकणार नाही. आमच्या मते ही पाहणीच या कामातली खरी कारागिरी, पाना फिरवणे त्यानंतरचे. गिअरबॉक्सच्या बाजूचे मागचे सील मात्र या कामात येत नाही, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

जुने सील काढताना दांडीवर ओरखडा पडता कामा नये. पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळा, दांडीपासून दूर, बाहेरच्या कडेने उचका. निघाल्यावर दांडीवर नख फिरवून पाहा. ओठाने खाच पाडली असेल तर नवे सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावे, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या जागेवर चालेल.

नवे सील आधीच आणून ठेवलेले असावे. सीलच्या तोंडावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी यांचे आकडे असतात, ते जुन्याशी ताडून पाहा. दुकानात खिळ्याला टांगलेले सील घेऊ नका, त्याचा ओठ वाकलेला असतो. ओठाला इंजिन ऑइल लावा, कोरडे सील पहिल्याच फेऱ्यात जळते. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. सीलच्या बाहेरच्या कडेएवढी गोटी किंवा पाइपाचा तुकडा लावून हातोडीने हलके हलके, चारी बाजूंनी सारखे ठोका. तिरके बसले तर पुन्हा काढा, पण तेच सील पुन्हा घालू नका. म्हणूनच आम्ही एक सील जास्तीचे आणायला सांगतो.

पट्टा मात्र नवाच. तेलाचा जुना पट्टा पेट्रोलने किंवा घासलेटने धुऊन पुन्हा चढवणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. रबरात शिरलेले तेल धुऊन निघत नाही. खुणा जुळवून पट्टा चढवा. टेन्शनर सैल ठेवून, इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा, म्हणजे ढिलाई निघते, मग टेन्शनर घट्ट करा. त्यानंतर आणखी दोन फेरे, आणि खुणा पुन्हा बरोबर समोरासमोर आल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडल्यासारखे वाटले तर जोर लावू नका. थांबा, खुणा पाहा. एक दात जरी चुकला तरी गाडी ओढ घेणार नाही. या वेळी खूण मोजायला घरातले दुसरे माणूस असावे, ताईला बोलवा, आईला बोलवा. काम करणाऱ्याचे डोळे दमलेले असतात.

झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला आजची तारीख आणि मीटरचा आकडा रंगाने लिहून ठेवा. पट्टा किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत असते, पण गाडी उभी राहिली तरी रबर वयाने झिजते, म्हणून तारीख हवी. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर झाकणाच्या खालच्या कडेवरून कोरडा कागद फिरवून पाहा.