पेटीतला सरडा आणि बांधावरचा सरडा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनी शाळेत केला आहे. परंतु ज्याचे कुंपणच काचेचे, त्या सरड्याने धावायचे कुठे, हा प्रश्न मला यंदाच्या उन्हाळ्यात पडला.

सिडकोत मी एका सातवीतल्या मुलाची शिकवणी घेते. त्याच्या वाढदिवसाला घरी ‘बिअर्डेड ड्रॅगन’चे पिल्लू आले. हा ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा. मे महिन्यात ती मंडळी आठ दिवस परगावी गेली आणि पिल्लू माझ्या हवाली झाले. “ताई, तुम्ही खेड्यातल्या, तुम्हाला जमेल,” असे मुलाची आई म्हणाली.

दुकानदाराने सांगितले होते, पालक घाला आणि दिवा लावा. त्याप्रमाणे सर्व चालले होते. तरी पिल्लू मलूल पडून राही, पाय थरथरत. शेवटी मी त्याला पशुवैद्यकांकडे नेले. ते म्हणाले, “मुलांना मुडदूस होतो ना, तसेच हे.”

मग एकेक उलगडत गेले. वाढत्या पिल्लाला मुख्यतः किडे लागतात, तेही दिवसातून दोन-तीनदा. पाला अधिक खायचा तो मोठेपणी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा आणि त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. पालक तर अन्नातले कॅल्शियम अडवून धरतो. पेटीची एक बाजू चाळीस अंशांच्या आसपास तापलेली हवी, दुसरी थंड. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही. शिवाय अतिनील किरण हवेत, त्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही. साध्या दिव्यात ते नसतात आणि खिडकीची काच ते अडवते.

मी आबांना फोन केला, मळ्यातले नाकतोडे डब्यात धाडा म्हणून. आबा शाळेत गेलेले नाहीत. ते म्हणाले, “भाजीवर फवारणी झालीय. तो किडा त्या जिवाला घालू नको.” हे मला सुचले नव्हते! दुकानातून रातकिडे आणले. रोज सकाळी जाळीच्या टोपलीत, अर्धी सावली धरून, पिल्लाला गच्चीवर कोवळ्या उन्हात ठेवले आणि घारीच्या भीतीने शेजारी बसून राहिले. थरथर थांबली, मागचा एक पाय मात्र वाकडाच राहिला.

पाळल्याने मुलांना प्राण्यांचा लळा लागतो, असे म्हणतात. ते खोटे नाही. परतल्यावर तो मुलगा पाय पाहून रडला. पण लळा म्हणजे काळजी नव्हे. ज्याला त्या जिवाचे ऊन, अन्न आणि वैद्य यांची सोय करता येत नाही, त्याने तो विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलिया आपले सरडे जिवंत व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. आपण मात्र ते कुठून आले, हे दुकानात विचारतही नाही.

आणि आपला सरडा? बांधावरचा सरडा याच कुळातला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी गळ्याला रंगीत पंखा असलेल्या आपल्याकडच्या काही सरड्यांच्या प्रजातीला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. त्यांतला एक साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा. आपला शब्द जगाच्या पुस्तकात गेला, आणि आपण त्या शब्दाच्या धन्याला दगड मारतो. लहानपणी मीही मारले आहेत.

त्याला ना पेटी लागते, ना पूड, ना दिवा. ऊन त्याचे तो शोधतो, किडा त्याचा तो पकडतो. आपल्याकडून त्याला एवढेच हवे, की हातातला दगड खाली टाकावा आणि बांधावर विष जपून फवारावे. ज्याला सरडा पाळायची हौस आहे, त्याने आधी एक वर्ष कुंपणावरचा पाळून पाहावा!