दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणून घराचा लिलाव थांबतो का?

मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्यावरच्या जप्त्या आणि लिलाव थांबल्याची बातमी आपण वाचतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम १४ कंपनीला ते संरक्षण देतं. मग कर्जात बुडालेल्या टेलरला किंवा चार लूम चालवणाऱ्यालाही वाटतं, आपणही अर्ज टाकू, बेलिफ माघारी जाईल. गल्लत इथेच होते.

या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांना अजून इंग्रजांच्या काळचेच कायदे आहेत. मुंबई शहरात १९०९ चा, मालेगाव, भिवंडी, रत्नागिरीत १९२० चा. १९२० च्या मूळ कायद्यात अर्जासाठी किमान कर्ज ५०० रुपये धरलंय, यावरूनच त्याचं वय कळावं!

या कायद्यात सगळा खेळ तारखांचा आहे. नादारीचा अर्ज नुसता टेबलावर ठेवून भागत नाही, कोर्टाने तो दाखल करून घेतला पाहिजे. शिवाय जिथे सावकाराची दरखास्त चालू आहे, त्या कोर्टाला लिलावाआधी तसं कळवून, जप्त मालमत्ता रिसीव्हरकडे द्यावी असा अर्ज करावा लागतो. हे राहिलं आणि लिलाव झाला, तर प्रामाणिकपणे बोली लावून घेणाऱ्याची मालकी पक्की होते. एका कोर्टात अर्ज आहे, दुसऱ्यात बोली चालू आहे, आणि कर्जदार निवांत बसलाय, असं होऊ शकतं.

रिसीव्हर आला म्हणजे घर वाचलं असंही नाही. तोही विकतो, फक्त पैसे एकाच सावकाराला न जाता सगळ्यांत वाटले जातात. आणि घर बँकेकडे गहाण असेल तर या अर्जाने बँकेचा हात थांबत नाही.

नोटीस आल्यावर घाईघाईत घर मुलांच्या नावे हिबा करणारे आपल्यात कमी नाहीत. हिबानंतर दोन वर्षांच्या आत दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि माणूस दिवाळखोर ठरला, तर कोर्ट तो रद्द करू शकतं. बायकोला मिळालेल्या मेहरची गोष्ट वेगळी. ती तिची स्वतःची मालमत्ता. ती जामीनदार नसेल तर नवऱ्याच्या कर्जात ती जाऊ नये. पण जप्तीच्या यादीत आलीच, तर हरकत तिने स्वतः, विक्री होण्याआधी घ्यायची. भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारं हे दिवाणी संहितेच्या कलम ६० नुसार जप्त होतच नाही. बेलिफला हे सांगायला लाजू नये.

तंगीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. दिवाणी संहितेतही ती जागा आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. आदेश २१ च्या नियम ८३ खाली, स्वतः विकून किंवा गहाण ठेवून रक्कम उभी होईल हे पटवलं, तर कोर्ट लिलाव पुढे ढकलू शकतं. गिऱ्हाईक स्वतः शोधलं तर भावही बरा येतो. आणि लिलाव होऊन गेला असला, तरी नियम ८९ आहे. ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के कोर्टात भरले, तर विक्री रद्द करून घेता येते.