फोटोखाली तारीख लिहा

महाबळेश्वरहून परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आर्थर सीटची दरी आणि वेण्णा तलावातल्या होड्या असतात. ते फोटो ग्रुपवर जातात, चार कौतुकाचे शब्द मिळतात आणि आठवडाभरात विसरले जातात. एवढ्यावरच त्यांचं आयुष्य संपू नये. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. ती कोणत्या साली, कुठल्या उतारावर बहरली, याची नोंद हौशी माणसाच्या फोटोतूनही होते. फक्त त्याखाली तारीख आणि ठिकाण हवं. रानफुलं, पक्षी, फुलपाखरं यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकले, तर जाणकार ओळख पटवून देतात आणि ती नोंद अभ्यासकांच्या कामी येते. जुन्या महाबळेश्वरातल्या कृष्णाबाई मंदिराचे फोटो किंवा स्वतः काढलेली जलरंगातली निसर्गचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर दिली, तर श्रेय तुमचंच राहतं आणि मराठी विकिपीडियासह कुणालाही ती वापरता येतात. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, त्याचे फोटो सर्वदूर पोचले, गर्दी लोटली आणि फुलं तुडवली जाऊ लागली. शेवटी प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. म्हणून दुर्मीळ आमरीचा (ऑर्किडचा) फोटो जरूर दाखवा, पण तिची नेमकी जागा झाकून ठेवा. आणि दुसऱ्याच्या फोटोवर नुसतं ‘छान’ लिहून थांबू नका. त्यात काय आवडलं आणि काय सुधारता येईल, हेही आपुलकीने सांगा.