उघड्या माळावरची शर्यत

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडे गोगाबाबा टेकडी आणि औरंगाबाद लेण्यांचे डोंगर आहेत. काळा कातळ, विरळ गवत, तुरळक झाडे. अशा वाटांवर धावण्याची हौस तरुणांत वाढत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु डांबरी रस्त्यावरील शर्यत निराळी आणि माळावरील निराळी, हे विसरून चालणार नाही. माळावर सावली नसते, तसा आडोसाही नसतो. धावताना शरीरात निर्माण होणारी उष्णता घामावाटे बाहेर पडेनाशी झाली, की धडधाकट माणसालाही उष्माघात गाठतो.

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत २१ धावपटू दगावले, ते मात्र अवचित आलेल्या गारठ्याने व वादळी वाऱ्याने. आपल्याकडेही जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावचाचणीपायी काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले.

तेव्हा केवळ धावपटूच्या चिवटपणावर भिस्त ठेवणे हा बेजबाबदारपणा होय. सोसण्याची जिद्द धावपटूची. थांबविण्याचा निर्णय आयोजकांचा. ऊन चढण्यापूर्वी शर्यत संपविणे, ठिकठिकाणी पाणी व बर्फ, हाकेच्या अंतरावर डॉक्टर आणि हवामान बिघडताच शर्यत थांबविण्याचा अधिकार असलेला जबाबदार माणूस, एवढी तजवीज असल्याखेरीज प्रशासनाने परवानगी देऊ नये. रद्द झालेली शर्यत पुन्हा भरविता येते, एवढे आयोजकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.