बाटली वाकवणे सोपे, निववणे अवघड

माघ पौर्णिमेच्या यात्रेला दरेकसा स्टेशनवर उतरलेले भाविक कचारगडच्या गुहांकडे निघतात. पावसाळ्यात याच भागात हाजरा फॉल पाहायला सहली येतात. माणसे जमली की बाटल्याही येतात. चांगली बाटली भंगारात विकली जाते, कारण ती धुऊन पुन्हा भरता येते. तोंडाचा कपचा उडालेली किंवा वेगळ्याच आकाराची बाटली मात्र तिथेच पडून राहते, फुटते आणि कुणाच्या तरी अनवाणी पायात शिरते.

अशा बाटल्यांना फुटण्याआधीच थोडी किंमत मिळाली, तर वाट स्वच्छ राहील. विजेच्या छोट्या भट्टीत त्यांच्या ताटल्या आणि ट्रे होऊ शकतात. बचत गटांना जमण्यासारखा हा उद्योग आहे. पण नुसती भट्टी देऊन फोटो काढण्याला माझा विरोध आहे.

कारण काचेच्या स्वभावात आहे. बर्फासारखा काचेला ठरावीक वितळणबिंदू नसतो; ती हळूहळू मऊ होते. साधारण ७०० ते ७६० अंश सेल्सिअसला बाटली स्वतःच्याच वजनाने साच्यात बसते. याला स्लम्पिंग म्हणतात. ८०० अंशांच्या आसपास तुकडे एकमेकांत मिसळतात, ते फ्यूझिंग. खरी परीक्षा त्यानंतर असते. साडेपाचशे अंशांच्या सुमारास काच काही वेळ स्थिर ठेवून मग सावकाश निववावी लागते. घाई केली तर वरचा थर आधी आक्रसतो आणि आत ताण राहून जातो. ताटली दिसायला उत्तम असते, पण काही दिवसांनी गरम भाजी वाढताच तडकते. दोन वेगवेगळ्या बाटल्यांचे तुकडे जोडले तरी हाच धोका असतो, कारण त्यांचे प्रसरण सारखे असेलच असे नाही. म्हणून एका वस्तूत एकाच बाटलीची काच वापरावी.

हा ताण साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण पकडता येतो. ध्रुवक फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना आडवे धरले की मधला प्रकाश अडतो. मध्ये ताण असलेली काच धरली, तर ती जागोजागी उजळते. एवढ्या स्वस्त चाचणीशिवाय एकही ताटली विकू नये.

करणाऱ्यांची तब्येतही महत्त्वाची. काच साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची बारीक भुकटी श्वासात जाते. ती कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मास्क आणि चष्मा हवाच. रंगीत छपाई असलेली बाटली जेवणाच्या भांड्यासाठी घेऊ नये. त्या रंगात शिसे असू शकते.

लोकांच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना काढला आणि तिथे माणसांना हे काम शिकवले. दरेकशाला भट्टी द्यायचीच असेल, तर तिच्यासोबत तापमान नियंत्रक आणि शिकवणारा माणूसही द्यावा. नाहीतर वाटेवरची काच उचलून आपण ती लोकांच्या ताटात नेऊन ठेवू.