वृंदावनातील माती आणि गच्चीवरील भांग

जयेंद्रगंजातील आमच्या गच्चीवर गेल्या माघात एक तरुण शेजारी आला आणि त्याने गंभीरपणे विचारले, “काका, कुंडीतल्या भांगेला कोणते खत घालावे? महाशिवरात्रीला घरचीच पाने महादेवाला वाहावी म्हणतो.” त्याच्या घरच्या अंगणातील वृंदावनात तुळशीच्या जागी चार सुक्या काटक्या उभ्या होत्या, हे आम्ही त्याच सकाळी पाहिले होते. प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्याला त्या काटक्या दाखविल्या. तो हसला, आम्हांस मात्र हसू आले नाही. त्या हसण्यामागे जी वृत्ती दडली आहे, तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम कायद्याची गोष्ट. १९८५ सालच्या मादक पदार्थविषयक कायद्याने भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध ठरविली आहे, आणि तिला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. कोणी म्हणेल की, याच मध्य प्रदेशात परवानाधारक दुकानांतून भांग विकली जाते, ती कशी? तर त्या कायद्यात ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्यावेगळी पाने त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांगेची विक्री राज्यांच्या नियमांखाली चालते. परंतु पान विकत घेणे वेगळे आणि झाड लावणे वेगळे. लागवडीच्या निषेधात पान आणि फुलोरा असा भेद नाही, आणि कुंडी लहान म्हणून गुन्हा लहान होत नाही.

“ही तर आपली परंपरा,” असा दुसरा आक्षेप येतो. उज्जैनीस महाकालाचा भांगेने शृंगार होतो, हे आम्ही नाकारीत नाही. त्या श्रद्धेची थट्टाही करीत नाही. पण परंपरेच्या नावाने घरोघरी झाड लावण्याचा अधिकार सांगणाऱ्यांनी इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात खंडव्याच्या परिसरात गांजाचे पीक निघत असे, तेही परवान्याने आणि सरकारी देखरेखीखाली. १८९३ साली सरकारने या विषयावर स्वतंत्र आयोग नेमला आणि १८९४ साली त्याचा विस्तृत अहवाल निघाला. २०२० च्या डिसेंबरात गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव पुढे येताच केवढे वादळ उठले, हे आमच्या कोंकणी बांधवांना आठवत असेल. ज्या पिकासाठी आयोग नेमावे लागतात, ते गच्चीवरच्या कुंडीत ‘भक्ती’ म्हणून लावणे हा भाबडेपणा नव्हे, बेजबाबदारपणा आहे.

तथापि आमचा खरा रोष कायदेभंगावर नाही. आमचा रोष असा आहे की, निषिद्ध झाडाला कोणते खत किती द्यावे, याची बारीक चौकशी करणारी माणसे ज्या झाडाला रोज प्रदक्षिणा घालतात, त्याच्या मुळाशी काय आहे हे एकदाही पाहत नाहीत. तुळस वाळली की आपण ग्रहांना दोष देतो, दृष्ट लागली म्हणतो, फार तर बाजारातून नवे रोप आणतो. माती मात्र तीच राहते: दगडासारखी घट्ट, दुधाने आंबलेली, तेलाने माखलेली.

आणि जो कोणी ‘उपाय’ करतो, तो चमचाभर युरिया टाकतो. हिशेब पाहा. पाच ग्रॅम युरियात शेकडा ४६ प्रमाणे सुमारे सव्वादोन ग्रॅम नत्र असते. कुंडीत माती सरासरी पंधरा किलो. हेच प्रमाण शेतात धरले, तर हेक्टरी सुमारे साडेतीनशे किलो नत्र होते! ओलिताच्या गव्हाला संपूर्ण हंगामात साधारण १२० किलो नत्र देतात, आणि तेही दोन-तीन हप्त्यांत. म्हणजे शेतकरी आपल्या पिकाला जे महिनोन्‌महिने जपून देतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट आपण तुळशीच्या कोवळ्या मुळांवर एका सकाळी ओततो. पानांच्या कडा जळतात. आणि झाड तगलेच तर लुसलुशीत होऊन किडीचे भक्ष्य बनते. याला सेवा म्हणावे काय?

मग तुळशीला हवे तरी काय? दोन भाग बागेतली माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग वाळू. कुंडीच्या तळाला भोक आणि त्यावर खापरी. महिन्याकाठी मूठ-दोन मूठ खत. ग्वाल्हेरच्या वैशाखात रोज पाणी आणि दुपारी सावली. पौषाच्या कडाक्यात रात्रीचे पांघरूण आणि वरची माती सुकेपर्यंत पाण्याला विराम. मंजिऱ्या वेळेवर खुडाव्या, म्हणजे झाडाची शक्ती बियांत न जाता पानांत राहते. दिवा खोडापासून हातभर दूर ठेवावा. दूध वाहायचे तर चार थेंब पुरेत. देवाला भाव हवा, मुंग्यांना मेजवानी नको.

आणि ते खत कोठून आणावे? ते तर आपण रोज फेकून देतो! देवघरातील आणि देवळांतील निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आपण नदीत सोडतो आणि पुण्य पदरात पडले असे मानतो. लष्करमधून वाहणारी स्वर्णरेखा आज नाल्याच्या अवस्थेस पोहोचली आहे; तिच्यात निर्माल्य टाकणे म्हणजे देवाचा प्रसाद गटारात टाकणे होय. दोरा, जरी, कागद वेगळे काढावे. फुलांच्या दुप्पट वाळका पाला मिसळावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी. आठवड्यातून एकदा ढीग परतावा. दोन-तीन महिन्यांत काळीभोर, पहिल्या पावसाच्या वासाची माती हाती येते. देवाला वाहिलेले फूल पुन्हा देवाच्या तुळशीच्या मुळाशी जाते. याहून शुद्ध विसर्जन कोणते?

देवळांच्या विश्वस्तांना आमची प्रार्थना आहे की, सभामंडपात संगमरवर बसविण्यापूर्वी परसात निर्माल्याचा एक हौद बांधावा आणि ते खत प्रसादाप्रमाणे वाटावे. आमच्या नगरीत २००८ पासून कृषी विश्वविद्यालय आहे. तेथील जाणत्यांना एकदा देवळात बोलवावे.

त्या तरुणाला आम्ही शेवटी उत्तर दिले ते असे: “बाळ, महादेवाला बेलाचे एक पान आणि तांब्याभर पाणी पुरते. खत घालण्याची एवढी हौस असेल, तर आधी तुझ्या आईच्या वृंदावनातली माती बदल.” त्याने ती बदलली की नाही, हे आम्ही विचारले नाही. वाचकहो, आपण मात्र आज संध्याकाळी दिवा लावताना त्या मातीत एकदा बोट खुपसून पाहा. बोट आत गेले नाही, तर आपली पूजाही तेथवर पोहोचलेली नाही, असे समजावे.